सांग तुझ्या अप्पास्नी

कागल, ११ जून २००१

अप्पा,

शरणार्थी, नमस्कार. तुमचा निरोप पोचला.

तुमच्या घरात फोन आहे. माझ्या घरमालकांकडं फोन आहे, त्यांचा नंबर मीच तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. तरी तुम्ही निरोप धाडलात तो फौंड्रीतल्या बाळासोकडून. बिचारा शिफ्ट संपवून शिरोलीहून कागलला आला, चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "मिस्त्री म्हणालेत, शाळा सुरू व्हायच्या आत भूमिकाला बावड्यात आणून सोड. येड्यांच्या डाक्टरकडं न्हेलंस तर परत माझ्या दारात यायचं न्हाई." मग स्वतःचं म्हणून, "मी आपलं सांगितलं अक्का, माझ्यावर राग धरू नगा."

म्हणजे आता लेकीशी बोलायलासुद्धा तुम्हाला मधे माणूस लागायला लागला.

मी माझ्या बहिणीला आणून सोडणार नाही. आधी हे लिहिते, मग बाकीचं वाचायचं तर वाचा.

महिना उलटून गेला, भूमिकाच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. "नाटक करतीया," असं तुम्ही अव्वाला म्हणालात. चुकलं. भिंतीला म्हणालात, अव्वा तिथं होती. अकरा वर्षांची पोर महिनाभर असं नाटक करत असेल तर थेटरात तिकीट लावून बसवू तिला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, घसा ठणठणीत आहे. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यातही काही नाही. अव्वानं मधल्या काळात लिंबू उतरून टाकलं, गंडा बांधला. तो गंडा ती दातांनी कुरतडत बसते.

इथं आल्यापासून मी बघते. हे कामावरून आले आणि दार जरा जोरात लागलं की भूमिका हातातलं टाकून उठते आणि मधल्या खोलीत जाऊन उभी राहते. पुढच्या खोलीत कोण, स्वयंपाकघरात कोण, दोन्हीकडं नजर जाईल अशी. कुणी तिला बोलावलेलं नसतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ती जागा मला माहीत आहे. बावड्यातल्या आपल्या घराच्या मधल्या खोलीत लग्न होईपर्यंत मीच तशी उभी होते. पुढं तुम्ही, मागं अव्वा, मधे मी.

"सांग तुझ्या आईला, चावी कुठं ठेवली इचार."

"सांग तुझ्या अप्पास्नी, डोळ्यांम्होरं टांगलीया."

अज्जी, तुमची आई, गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि भूमिका चार. अव्वा संकेश्वरला मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. तुम्ही म्हणता ती आली नाही. ती म्हणते तुम्ही सांगावाच धाडला नाही. यावर सात वर्षं झाली, एका छपराखाली, एका चुलीचं खाऊन, तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेला नाही. माझं लग्न झालं, मी सुटले, आणि माझी जागा कुणाला गेली हे मी सांगायला नको.

आता मला एकच सांगा. मामांच्या पोराच्या लग्नाला अव्वा निघाली त्या दिवशी घरात काय झालं? सकाळी पोरगी बोलत होती. संध्याकाळी बोलत नव्हती. अव्वाला विचारलं तर, "तुझ्या अप्पास्नी इचार." तुम्हाला विचारलं तर तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.

उत्तर पोस्टानं द्या. बाळासोला त्रास नको.

दानेश्वरी

*

कागल, २५ जून २००१

अव्वा,

शरणार्थी. काल फोनवर तू बराच वेळ बोललीस आणि त्यात भूमिका एकदाच आली, "जेवती का" एवढ्यापुरती. बाकी सगळा वेळ अप्पा. अप्पांनी टॉवेल कुठं टाकला, अप्पा कुणाच्या घरी चहा पिऊन आले, अप्पांनी तुझ्या भावाच्या नावानं नाक कसं मुरडलं. बोलत नाहीस त्या माणसाशी, पण त्याच्याशिवाय तुझ्या तोंडात दुसरा विषय नाही. घरमालकीणबाई भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांनासुद्धा अप्पांचं वेळापत्रक पाठ झालं असेल.

आता माझं ऐक.

गेल्या आठवड्यात माझं आणि यांचं वाजलं. कारण सांगण्यासारखंही नाही. मी बोलणं बंद केलं. तुझीच लेक. हे म्हणाले, "भांड की. ओरड, भांडी आपट. पण हे असलं गप्प बसणं नको, मला घरात गुदमरतंय." मी तरी बोलले नाही. मला वाटलं दोन दिवसांत आपोआप जाईल, आपल्या घरात सात वर्षं गेलं नाही हे विसरून.

त्या संध्याकाळी भूमिका घरमालकांच्या पोराची पाटी घेऊन माझ्यापुढं आली. त्यावर लिहिलं होतं, "दाजी म्हणाले आमटी लई भारी झालीया."

अव्वा, हे त्या दिवशी कँटीनला जेवून आले होते. आमटीला हातही लावला नव्हता.

मी म्हटलं, "खरंच म्हणाले?" तिनं मान हलवली. मी काही बोलायच्या आत पाटी पुसून ती पुढच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं हे पाटी घेऊन आत आले, हसत. त्यावर होतं, "अक्का म्हणाली तिचं चुकलं." मी असं काहीही म्हटलं नव्हतं. यांनी मागं वळून बघितलं आणि यांचं हसू गेलं. पोरगी मधल्या खोलीत पोट धरून उभी होती आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, रिझल्ट लागायचा असल्यासारखी.

तेव्हा मला कळलं ती काय करत आली आहे.

आणि परवा आपल्या शेजारच्या बनाबाई लेकीकडं कागलला आल्या होत्या, त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या दिवशी त्या दारातच उभ्या होत्या, भांडणात एकेक करून सगळं बाहेर आलं ते त्यांनी ऐकलं. त्यांचं ऐकून मी लिहिते, चुकत असेल तर सांग.

मी निरोप जसाच्या तसा पोचवायची. तू "गिळायला या म्हणावं" म्हणालीस की मी जाऊन "गिळायला या" म्हणायची. भूमिकाला ते जमलं नाही. ती सांगायची, "अव्वा वाट बघतीया." अप्पा म्हणायचे, "मीठ घालायला हात मोडलाय काय तिचा," आणि ती तुला येऊन सांगायची, "आणि एक भाकरी दे म्हणालेत." माझ्या लग्नानंतरची दोन वर्षं तुम्ही दोघं ज्या माणसाबरोबर नांदत होता ते माणूस तिनं तयार केलेलं होतं. बनाबाई म्हणाल्या, "आमास्नी वाटायचं, गंगव्वाच्या घरात आता जरा निवळाय लागलंया." निवळत नव्हतं. पोरगी गाळत होती.

मग मामांच्या घरची पत्रिका आली. तू म्हणालीस, "येणार असतील तर या म्हणावं, न्हाईतर बसा म्हणावं फौंड्रीत." अप्पा म्हणाले, "माझा काय संबंध?" आणि भूमिकानं तुला येऊन सांगितलं, "येतो म्हणाले."

तू विचारलंस, "खरंच? आणि काय म्हणाले?"

मग तिला पुढचं काहीतरी सांगावंच लागलं. म्हणाली, "जांभळी इरकल नेस म्हणालेत."

ती इरकल नेसून तू दारात उभी होतीस. माहेरच्या बायका ट्रॅक्समधे बसलेल्या. अप्पा शिफ्टवरून आले, अंगभर काजळी. आणि तू सात वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं त्यांना म्हणालीस, "चला की. पाणी काढून ठेवलंय आंघोळीचं."

ते म्हणाले, "कुठं?"

पुढचं मी लिहीत नाही, तुला पाठ आहे. ट्रॅक्समधल्या बायकांपुढं तुझी मान कशी खाली गेली असेल ते मला कळतं. खरंच कळतं. पण अव्वा, अप्पांनी तिला थोबाडीत मारली आणि तू म्हणालीस, "लबाड कार्टी. आजपास्नं माझ्याशी बोलायचं न्हाई." आणि गाडीत बसून निघून गेलीस.

सात वर्षांत तुमचं दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं. आणि ती बोलली नाही. तुझंच ऐकलं तिनं. आपल्या घरात राग आला की बोलणं बंद करायचं असतं, हे तिला दुसरं कोण शिकवणार होतं?

बुधवारी मी तिला कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरांकडं नेणार आहे. तू अप्पांना सांगणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून त्यांना मी वेगळं लिहिते. दोन कागद, दोन पाकिटं, दोन तिकिटं. वैताग आलाय नुसता.

दानेश्वरी

*

कागल, १४ जुलै २००१

अप्पा,

डॉक्टरांनी तुम्हा दोघांना बोलावलंय असं मी कळवलं होतं, त्यावरचं तुमचं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, तुमच्या हातच्या आहेत. बरं वाटलं. मग त्या वाचल्या.

"तुझ्या आईला सांग, मी डॉक्टरकडे यायला तयार आहे, पण ती येणार असेल तर मी येणार नाही. अज्जीच्या वेळेचं तिने आधी कबूल करावे."

त्याच दिवशी अव्वाचा फोन आला. "तुझ्या अप्पास्नी सांग, मी एकटी येते. आणि त्यास्नी म्हणावं, सांगावा धाडला न्हवता एवढं एकदा चार माणसांत म्हणा."

मी कुणालाही काहीही सांगणार नाही. वरचं मी सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला दाखवलंय की तुम्ही दोघं एकाच मापाचे आहात. इतका जोडीनं संसार कुणी केला नसेल.

वेड्यांचा डॉक्टर म्हणताय, तर ऐका. राजारामपुरीतला साधा दवाखाना आहे. बाकावर माझ्या शेजारी एक ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर बसला होता, त्याला झोप येत नाही. पलीकडं परीक्षेत बोटं आखडणारी कॉलेजची पोरगी. कुणी कपडे फाडत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं नाव अक्षता, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी भूमिकाला एकदाही "बोल" म्हटलं नाही. तिच्याबरोबर काचापाणी खेळल्या, हरल्या, आणि चिडल्या. भूमिका हसली. अप्पा, आवाज न करता हसली, पण हसली.

मग मला आत बोलावून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला एक काम लावलेलं होतं. ते तिला झेपेना, म्हणून तिनं ते सोडलंय. गोळी देऊन मी तिला परत त्याच कामावर पाठवणार नाही. आईवडिलांना आणा. दोघांना एकदम."

मी म्हटलं, "एक एक करून चालेल का?"

"एक एक करून आले तर मधे कोण उभं राहील?" असं म्हणाल्या आणि माझ्याकडं बघत बसल्या. मला रडू आलं. का आलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही वाईट नाही. तुम्ही कधी दारू प्यायला नाहीत, अव्वावर हात टाकला नाहीत. भूमिका तापानं फणफणली तेव्हा खांद्यावर घेऊन दवाखान्यात धावलात. गल्लीत लोक दाखला देतात, चनबसाप्पांच्या घरातून कधी आवाज म्हणून ऐकू येत नाही. मला त्या लोकांना घरात आणून एक दिवस मधल्या खोलीत उभं करायचं आहे. जेवताना ताट किती जोरात सरकलं, पाण्याचा तांब्या ठेवला की आपटला, चपला दारात वाजल्या की ओढत आल्या, एवढ्यावरून पुढचा दिवस कसा जाणार ते ओळखायचं. मला अजून हे कामावरून आले की चपलांचा आवाज ऐकू येतो. हा माणूस गाणं म्हणत जिना चढतो, तरी मी चपलाच ऐकते.

तारीख मी कळवते.

दानेश्वरी

*

कागल, २३ जुलै २००१

अव्वा आणि अप्पा,

पाकिटावर दोघांची नावं आहेत, आत कागद एकच आहे. वाचून झाला की ज्याच्या हातात असेल त्यानं दुसऱ्याला द्यायचा. पोचवायला मधे भूमिका नाही, ती माझ्याकडं आहे.

येत्या सोमवारी, ३० तारखेला, सकाळी अकरा वाजता राजारामपुरीत. पत्ता खाली लिहिलाय. एका बसनं या, दोन बसनं या, एक जण चालत या. पण आत एकदम यायचं.

आला नाहीत तर मी भूमिकाचं नाव कागलच्या शाळेत घालणार आहे. यांची हरकत नाही, मी विचारलंय. आम्ही नवराबायको एकमेकांना विचारतो.

आता दोन गोष्टी.

पहिली. मला पाचवा महिना आहे. तुम्हाला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. आधी कुणाला सांगायचं हेच ठरेना. अव्वाला सांगितलं तर अप्पा म्हणणार आईच्याच बाजूची. अप्पांना सांगितलं तर अव्वा म्हणणार आईला परकी केली. आनंदाची बातमी होती, अव्वा. ती मी दोन महिने चोरासारखी लपवून ठेवली.

दुसरी. अज्जी गेली त्या दिवशी घरात मी होते. तुम्ही फौंड्रीत होता, अव्वा संकेश्वरला. तिनं दुपारी ताकभात खाल्ला, वाटीभर, आणि अजून मागितला. मला म्हणाली, "चार वाजता उठीव, जोंधळं निवडायचं हायत." चारला मी उठवायला गेले तर ती गार पडली होती. सकाळी तिला खोकलासुद्धा नव्हता. सांगावा धाडायचा तरी कशाचा? ताकभाताचा? आणि धाडलाच नाही तर अव्वा येणार कशी? ती गेल्यावर गल्लीतल्या माणसांनी संकेश्वरला निरोप धाडला, पण उन्हाळ्याचे दिवस म्हणून घाई केली, आणि अव्वा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

सात वर्षं तुम्ही चूक कुणाची ते ठरवताय. चूक झालेलीच नाही. अप्पांना आई गेल्याचं दुःख झालं आणि अव्वाला सासूचं शेवटचं तोंड बघता आलं नाही याचं. दुःख दोघांचं होतं. त्यावर दोघांनी बसून रडायचं सोडून तुम्ही खटला लावलात. मी तिथं होते, अप्पा. मी एकटीच होते. मला आजवर तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, "पोरी, काय झालं होतं? तू घाबरलीस काय?"

सोमवारी अकरा.

दानेश्वरी

*

कागल, १ ऑगस्ट २००१

अप्पा,

तुम्ही आलात. दवाखान्याच्या दारात धुतलेला सदरा आणि टोपी घालून उभे होता, आणि अव्वा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. रस्ता ओलांडून ती आधी आली हे तुम्ही बघितलंत का माहीत नाही. मी बघितलं.

तुम्ही मधेच उठून गेलात, म्हणून पुढचं लिहिते.

अक्षता मॅडम म्हणाल्या, "एकमेकांना एक वाक्य बोला. पोरीकडं बघून नाही, माझ्याकडं बघून नाही," आणि अव्वानं कितीतरी वेळ पदराचं टोक पिळून शेवटी तुम्हाला विचारलं, "तुमची आई गेली, मी दारात आल्ये, तवा तुम्ही माझ्याकडं पाठ का फिरीवलीसा?" तिथं तुम्ही उठलात. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, तुमच्या मागं चप्पल फेकावी असं वाटलं. पण तुमचा चेहरा रागाचा नव्हता. तो मला आधी कधी बघायला मिळाला नव्हता.

तुम्ही जिना उतरलात. अव्वानं डोळे पुसले आणि सवयीनं, अगदी घरातल्यासारखं, भूमिकाकडं वळून म्हणाली, "जा गं, बोलीव जा तुझ्या अप्पास्नी. म्हणावं..."

भूमिका जागची हलली नाही.

"जा की," अव्वा म्हणाली.

आणि भूमिका म्हणाली, "तू जा."

तीन महिन्यांत पहिला शब्द. घोगरा आला, तिचा तिलाच दचकायला झालं. मला वाटलं आता अव्वा पोरीला जवळ घेईल, रडेल. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवून मला बसवून ठेवलं. अव्वानं पदर सारखा केला, चपला घातल्या आणि तुमच्या मागं जिना उतरली.

खाली तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही. वरच्या खिडकीतून दिसत होतं, रसवंतीच्या बाकावर तुम्ही बसला होता, अव्वा समोर उभी होती, हातवारे करून बोलत होती. मग तुम्ही बोलत होता. मग ती बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, पण बसली. भूमिका माझ्याशेजारी खिडकीत उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणत्यात गं?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक."

"मलाबी न्हाय," ती म्हणाली, आणि खिडकीतून बाजूला झाली. मॅडमना म्हणाली, "काचापाणी खेळूया?"

तुम्ही तिथूनच सेकंड शिफ्टला गेलात. अव्वा वर आली ती डोळे सुजवून. मी काही विचारलं नाही. बसमधे आपणहून एवढंच म्हणाली, "आई आईच म्हणत रडला गं रस्त्यात. म्हातारा झालाय."

दानेश्वरी

*

कसबा बावडा, २० जानेवारी २००२

अप्पा,

शरणार्थी. बाळ बरं आहे, मी बरी आहे. बाळंतपणाला इथं आल्यापासून अव्वा मला खोबरं-गूळ आणि डिंक इतका खायला घालते की मला दारातून आत-बाहेर करायला तिरकं वळावं लागतंय.

तुम्ही शिरोलीतल्या खोलीवर राहायला गेलात, त्याला आता चार महिने झाले. गल्लीत बोलतात. चिमणाबाई परवा बाळाला बघायला आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "बापानं घर सोडलं म्हणं?" मी म्हटलं, "हो. आणि सोडताना बायकोला स्वतः सांगून गेला." त्यांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. चहा न घेताच गेल्या.

मला आधी वाईट वाटलं होतं. सिनेमात असतं तसं तुम्ही दोघं परत एक व्हाल असं मला वाटत होतं, चोवीस वर्षांची घोडी झाले तरी. पण खरं सांगू का, तुम्ही रविवारी दारात येऊन अव्वाला म्हणता, "हिला जरा रंकाळ्यावर न्हेतो," आणि अव्वा आतून ओरडते, "स्वेटर घाला तिला, आणि आईस्क्रीम देऊ नगासा," एवढं बोलणं त्या घरात तुम्ही राहत असताना कधी झालं नव्हतं. गेल्या रविवारी तर आईस्क्रीमवरून दारात तुमचं चांगलंच जुंपलं. बनाबाई गॅलरीत आल्या. भूमिका मधे आली नाही. ती पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती, बांधून झाल्यावर म्हणाली, "तुमचं झालं की सांगा."

मॅडमकडं महिन्यातून एकदा जातोच आहोत. पोट दुखतं अजून, परीक्षेच्या आधी जास्त. त्या म्हणतात वेळ लागेल. बावड्यातल्या शाळेत परत जाते, पण वर्गात अजून हात वर करत नाही. आणि लहान मुलगी असून कुणी जरा गप्प बसलं की विचारते, "राग आलाय काय?" मला, बाळाला, दूधवाल्यालासुद्धा. हे सगळं एका वाक्यानं बरं झालं असं मला लिहिता आलं असतं, पण तुम्हाला खोटं वाचायची सवय लागलेली आहे, आणि ती मोडायची आहे.

काल मात्र एक झालं, म्हणून आज हे पत्र.

शाळेची ट्रिप पन्हाळ्याला चाललीय. अव्वा म्हणाली, थंडीची जायचं नाही. भूमिका म्हणाली, सगळी जातात. अव्वा म्हणाली, सगळ्या विहिरीत उड्या मारतील, तू मारशील? आणि मग अप्पा, ती पोरगी ओरडली. असा आवाज मी तिचा जन्मात ऐकला नव्हता. "तू माझं कायबी ऐकत न्हाईस! कवाच ऐकत न्हाईस!" दप्तर फेकलं. अव्वा लाटणं घेऊन उठली, "थांब तुझी जीभच हासडते," म्हणाली, आणि लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. भूमिका पाय आपटत पुढच्या खोलीत जाऊन पालथी पडली. बाळ दचकून रडायला लागलं.

मी बाळाला उचलून उगी केलं. घर एकदम शांत झालं होतं. मला वाटलं, झालं, परत सुरू झालं. आता ही हिच्याशी बोलणार नाही, ती तिच्याशी. मी बाळंतीण बाई, उठून मधल्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझी मलाच कळली नाही कधी उभी राहिले ते.

थोड्या वेळानं भूमिका उठली. माझ्या बाजूनं, मला जरा सरकवून, स्वयंपाकघरात गेली.

"भूक लागलीया," म्हणाली.

"मग बस की, भाकरी पाय लावून येती काय तुझ्याकडं," अव्वा म्हणाली. ताट सरकवलं. भूमिका जेवायला बसली. मग अव्वाच म्हणाली, "कितीला निघत्यात?"

"सातला."

"कानटोपी घालायची."

"घाण दिसती ती."

"दिसू दे."

"बरं."

आणि झालं. संपलं भांडण. मी बाळाला घेऊन तिथंच उभी, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय म्हणून वाट बघत. काही झालं नाही. भूमिकानं आणखी ठेचा मागितला, अव्वा म्हणाली, तोंड भाजेल, आणि वाढला.

दानेश्वरी